वाळूतला ट्रक : ‘डकार डेझर्ट रॅली’ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

‘डकार डेझर्ट रॅली’ हा व्हिडिओ गेम हातात आला की बहुतेकजण कारकडे धावतात, काही मोटारसायकलकडे. ट्रककडे फार थोडे वळतात, आणि वळलेच तर पहिल्या उलटापालटीनंतर सोडून देतात. मला याचं वाईट वाटतं, कारण या गेममध्ये शिकण्यासारखं जे काही आहे ते ट्रकइतकं स्वच्छ दुसरं कुठलंच वाहन शिकवत नाही. कारमध्ये उशिरा ब्रेक मारला तरी सावरता येतं. ट्रकमध्ये मात्र आधी ठरवायचं आणि मग स्टिअरिंग हलवायचं, हा क्रम एकदाही मोडता येत नाही. हा लेख त्या क्रमाची सवय कशी लावायची याबद्दल आहे.

गेम ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. पोर्तुगालमधल्या सेबर पोर्तो या स्टुडिओने तो बनवला. याच मंडळींनी, तेव्हा त्यांचं नाव बिगमून होतं, २०१८ मध्ये ‘डकार १८’ काढला होता. त्याचा प्रवास पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना असा होता, कारण खरी डकार रॅली, म्हणजे वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत, त्या वर्षी तिथेच धावली होती. नवा गेम सौदी अरेबियात घडतो. मोटारसायकल, क्वाड (चार चाकांची मोटारसायकल), कार, हलक्या बग्ग्या आणि ट्रक असे विभाग आहेत आणि वाहनं खऱ्या कंपन्यांच्या परवान्यानिशी घेतलेली आहेत.

खेळायला बसण्याआधी खऱ्या रॅलीबद्दल थोडं

हे वगळू नका, कारण गेमचे अर्धे नियम इथून आले आहेत. तिएरी साबिन नावाचा फ्रेंच माणूस १९७७ च्या आबिजान–नीस रॅलीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि त्या अनुभवातून त्याला ही कल्पना सुचली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली रॅली निघाली, सेनेगलमधल्या डकार शहराकडे. २००८ ची रॅली मॉरिटानियातल्या सुरक्षेच्या प्रश्नामुळे ऐनवेळी रद्द झाली, २००९ ते २०१९ ती दक्षिण अमेरिकेत धावली आणि २०२० पासून सौदी अरेबियात आहे. शहर मागे राहिलं, नाव तेवढं टिकलं.

ट्रकचा इतिहास तर वेगळाच आहे. सुरुवातीला मोठे ट्रक मुख्यतः सुटे भाग आणि मेकॅनिक वाहून न्यायला असत. मग त्यांच्यातच चुरस सुरू झाली आणि ती इतकी वाढली की १९८८ मध्ये यान द रॉय यांचा दोन इंजिनांचा डॅफ ट्रक वाळवंटात आरी वातानेन यांच्या प्यूजो कारला मागे टाकताना दिसला. त्याच वर्षी त्यांच्याच संघातला दुसरा डॅफ भयानक वेगात उलटला आणि त्याचा नॅव्हिगेटर, म्हणजे चालकाला वाट सांगणारा साथीदार, दगावला. संघाने माघार घेतली. आज खऱ्या रॅलीत ट्रकना ताशी १४० किलोमीटरची मर्यादा आहे. पुढे वजनाबद्दल जे लिहिलं आहे ते वाचताना हा प्रसंग लक्षात असू द्या.

दोन नावं तरी माहीत हवीतच. चेक चालक कारेल लोप्राइस यांनी टाट्रा ट्रकवर सहा वेळा रॅली जिंकली आणि रशियाच्या व्लादिमीर चागिन यांनी कामाझवर सात वेळा. त्यांची जुनी चित्रणं इंटरनेटवर सहज सापडतात. गेममध्ये शिरण्यापूर्वी त्यातलं एखादं अर्धा तास बघा आणि बघताना चाकांऐवजी केबिनकडे लक्ष द्या. आत तिघे असतात : चालक, नॅव्हिगेटर आणि मेकॅनिक. नॅव्हिगेटर अखंड बोलत असतो आणि चालक पुढच्या वळणाची तयारी त्या बोलण्यावर करत असतो, दिसण्यावर नव्हे.

कुठल्या मोडपासून सुरुवात करावी

गेममध्ये तीन मोड आहेत. स्पोर्टमध्ये प्रतिस्पर्ध्यांबरोबर एकदमच सुटायचं, वाटेतले टप्पे पडद्यावर खुणांनी दिसतात आणि वाट शोधण्याची कटकट नसते. प्रोफेशनलमध्ये रोडबुक, म्हणजे वाटेच्या सूचनांची वही, वाचत वाट काढायची. सिम्युलेशन सुरुवातीला बंद असतो, पातळी वाढवल्यावर उघडतो आणि तिथे सवलती सगळ्यात कमी.

माझा आग्रह असा : पहिले काही तास स्पोर्टमध्येच घालवा, पण जिंकण्यासाठी नाही. तिथे फक्त ट्रक हाताळायला शिका. वाट शोधणं आणि वाहन सांभाळणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि दोन्ही एकदम शिकायला गेलं की एकही येत नाही. मी स्वतः थेट प्रोफेशनलमध्ये उडी घेतली होती. तीन संध्याकाळी गेल्यावरही मला कळत नव्हतं की माझं रोडबुक चुकतंय की ब्रेक. नंतर स्पोर्टमध्ये परतलो, ट्रक हातात बसवला आणि मग प्रोफेशनल एका आठवड्यात उलगडलं.

कॅमेरा आणि कंट्रोलर

मागून दिसणारा कॅमेरा सुरुवातीला बरा, कारण ट्रकची लांबी-रुंदी आणि तो किती झुकतोय हे दिसतं. पण केबिनच्या आतला कॅमेराही अधूनमधून लावा. ट्रकमध्ये चालक उंचावर बसतो, त्यामुळे समोरचा खड्डा कारपेक्षा आधी नजरेत येतो. हा फायदा मागच्या कॅमेऱ्यातून जाणवत नाही.

कंट्रोलरवर खेळत असाल तर स्टिअरिंगची संवेदनशीलता थोडी कमी करून बघा. ट्रकला झटकन वळवण्याची गरज जवळपास कधीच पडत नाही आणि झटकन वळवला तर तो आडवा होतो. ट्रिगर पूर्ण दाबून धरायची सवय मोडा. अर्धा, पाऊण, पाव असा दाब बोटाला समजायला हवा. शिवाय बटणांची यादी एकदा शांतपणे वाचून काढा : हँडब्रेक कुठे, कॅमेरा कुठे, वाहन पुन्हा उभं करण्याचं बटण कुठे, रोडबुकसाठी काय दिलं आहे. उतारावर घसरताना यादी उघडून बघायला वेळ मिळत नाही.

आवाज चालू ठेवा आणि पार्श्वसंगीत बंद करा. इंजिनाचा सूर आणि नॅव्हिगेटरचे शब्द ऐकू यायला हवेत.

वजन

सगळं इथे आहे. डकारचा ट्रक नऊ-दहा टनांच्या घरातला, इंजिन हजारेक अश्वशक्तीचं. तो वेग घेतो तेव्हा आश्चर्य वाटतं, आणि थांबत नाही तेव्हा आणखी.

शाळेतलं गणित आठवा. चालत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ७० वरून १०० वर गेलात तर वेग दीडपटही झालेला नसतो, पण थांबताना जिरवायची ऊर्जा दुप्पट झालेली असते. ७० वरून १४० वर गेलात तर चौपट. शिवाय हे सगळं भुसभुशीत जमिनीवर, जिथे टायरला पकड मुळातच कमी. १४० च्या वेगात ट्रक एका सेकंदात जवळपास ३९ मीटर पुढे जातो. दोन सेकंद रोडबुककडे बघितलंत की पाऊणशे मीटर गेले.

यातून तीन सवयी लावून घ्यायच्या.

ब्रेक सरळ रेषेत मारा, वळणात नाही. आधी चाकं सरळ ठेवून वेग उतरवा, मग ब्रेक सोडा, मग वळवा, आणि तोंड पुढच्या वाटेकडे लागल्यावरच पुन्हा ॲक्सिलरेटर द्या. ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग ओढलंत की वजन पुढच्या बाहेरच्या चाकावर जातं आणि उंच केबिन त्या बाजूला कलंडते. नव्या खेळाडूंच्या दहातल्या आठ उलटापालटी मी तरी अशाच झालेल्या पाहिल्या आहेत.

दुसरी सवय उंचवट्यांची. समोर फक्त आकाश दिसायला लागलं तर बोट उचला. उंचवट्यापलीकडे वाट डावीकडे वळलेली असू शकते, खड्डा असू शकतो, काहीच नसूही शकतं. कार हवेत उडून खाली आली तर सस्पेन्शन सहन करतं. ट्रकचं नाक जड असतं, ते आधी टेकतं आणि पुढचे दोन-तीनशे मीटर तुम्ही ट्रक चालवत नसता, तो तुम्हाला चालवत असतो.

तिसरी म्हणजे आडव्या उताराची. डोंगरउतारावरून आडवं जाताना ट्रक खालच्या बाजूला घसरू लागला, तर वरच्या बाजूला वळवून चढायचा मोह होतो. तो आवरा. तोंड उताराच्या दिशेने करा, हलका ॲक्सिलरेटर द्या, सरळ खाली उतरा आणि तळाशी पोहोचल्यावर नव्याने वाट धरा. खऱ्या वाळवंटात चालक हेच करतात आणि गेममध्येही हेच उपयोगी पडतं.

हे तिन्ही जमेपर्यंत सपाट, दगडगोट्यांच्या स्टेज, म्हणजे रॅलीचे स्वतंत्र भाग, निवडा. वाळूच्या टेकड्या नंतर.

वाळूच्या टेकड्या

सौदी अरेबियाच्या दक्षिणेला रब अल खाली आहे, म्हणजे ‘रिकामा चतुर्थांश’. सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं सलग वाळवंट. उत्तरेला नफूद. गेममध्ये पहिल्यांदा अशा टेकड्यांच्या रांगेसमोर ट्रक उभा राहिला तेव्हा मी काही क्षण नुसता बघत बसलो होतो. तुम्हीही बसा. पण मग चढायचं कसं?

टेकडीला दोन बाजू असतात. ज्या बाजूने वारा येतो ती लांब, सावकाश चढणारी आणि दाबली गेल्यामुळे टणक. पलीकडची वाऱ्याआडची बाजू तीव्र आणि सैल. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांच्या उतारावर स्वतःला जेमतेम सावरून असते, त्याहून जरा धक्का बसला की ओघळते. म्हणून शक्यतो टणक बाजूने चढायचं आणि सैल बाजूने उतरायचं. सैल बाजू समोर आली तर माथ्याकडे न झेपावता दोन टेकड्यांमधली खोलगट खिंड शोधायची, चार-पाचशे मीटरचा वळसा पडला तरी चालेल.

चढ सुरू होण्याआधी वेग घ्या. चढावर वेग वाढवायला गेलात तर चाकं जागच्या जागी फिरतात आणि ट्रक स्वतःसाठी खड्डा खणतो. खाली कमावलेला वेग वर खर्च करायचा, असा हिशेब ठेवा. माथ्याला भिडताना ट्रकचं तोंड माथ्याच्या रेषेशी काटकोनात हवं, तिरकं गेलात तर कडेवर लोळण ठरलेली. आणि सगळ्यात नाजूक क्षण माथ्याच्या जरासा अलीकडचा : तिथे ॲक्सिलरेटर सोडायचा, इतकाच की ट्रक माथ्यावर अलगद टेकेल आणि नाक खाली झुकेल. लवकर सोडलात तर पोट वाळूत टेकून अडकाल, उशिरा सोडलात तर उडाल. हा अंदाज शब्दांत सांगून येत नाही. एकच टेकडी निवडा आणि तीच वीस वेळा चढा.

दिवसाच्या वेळेकडेही लक्ष द्या. सूर्य खाली असताना सावल्या पडतात आणि प्रत्येक कड उठून दिसते. डोक्यावर सूर्य असताना सगळी वाळू एका रंगाची होते आणि तुटलेला कडा अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. अशा प्रकाशात वेग कमी ठेवणं हाच उपाय. वाळूचं वादळ आलं तरी तेच.

रुतलात तर चाकं फिरवत बसू नका. उलटा गिअर टाका, आलात त्याच चाकोरीतून मागे जा, कारण ती वाळू तुमच्याच वजनाने दाबलेली असते. खऱ्या ट्रकमध्ये चालक केबिनमध्ये बसूनच टायरमधली हवा कमी करू शकतो, म्हणजे टायर पसरतो आणि वजन मोठ्या पृष्ठभागावर वाटलं जातं. ‘डकार १८’ मध्ये तर खेळाडूला वाहनातून उतरून फावड्याने वाळू उपसता येत असे. मला ती कल्पना फार आवडली होती.

रोडबुक

आता प्रोफेशनल मोड. रोडबुक म्हणजे नकाशा नव्हे. ती चौकटींची मालिका असते आणि प्रत्येक चौकट एका जागेबद्दल बोलते. एका बाजूला अंतर : स्टेजच्या सुरुवातीपासूनचं एकूण आणि आधीच्या चौकटीपासूनचं. मधोमध छोटं रेखाचित्र. दुसऱ्या बाजूला सूचना. मधल्या चित्राला ट्यूलिप म्हणतात, कारण ही पद्धत नेदरलँड्समधल्या ट्यूलिप रॅलीतून रूढ झाली. चित्रात तुम्ही नेहमी खालून वर जात असता. बाण जिकडे वळला, तिकडे वळायचं.

उद्गारचिन्हं धोका सांगतात. एक असेल तर सांभाळून, दोन असतील तर वेग उतरवून. तीन असतील तर ट्रकवाल्याने जवळजवळ थांबायच्या तयारीने जायचं. ही चिन्हं सगळ्या वाहनांना सारखीच लागू असतात आणि कारला जो खड्डा दोन चिन्हांचा वाटतो तो तुमच्या दहा टनांना तीनचा असतो, म्हणून मी मनातल्या मनात नेहमी एक वाढवून वाचतो.

मग येतो कॅप, म्हणजे दिशेचा कोन. शून्य म्हणजे उत्तर, ९० पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम. जिथे वाट संपते आणि उघड्या वाळवंटातून जायचं असतं, तिथे रोडबुक फक्त कॅप आणि अंतर देतं. समजा, कॅप २५० आणि अंतर ५ किलोमीटर. ट्रक २५० वर आणायचा आणि पाच किलोमीटर तसाच ठेवायचा. सोपं वाटतं. पण दहा अंश चुकलात तर पाच किलोमीटरनंतर तुम्ही योग्य जागेपासून सुमारे ८७० मीटर बाजूला असाल. एका अंशाची चूक एका किलोमीटरला साधारण १७ मीटर पडते. हा १७ चा आकडा लक्षात ठेवा, अंदाज बांधायला रोज कामी येतो.

इथे एक फसगत आहे, ती नीट समजून घ्या. वाटेत टेकडी आडवी आली आणि तुम्ही डावीकडून वळसा घातला. वळशानंतर पुन्हा २५० धरला. होकायंत्राची सुई बरोबर दाखवते, तुम्हालाही बरोबर वाटतं, पण तुम्ही आता मूळ रेषेला समांतर चालला आहात, वळसा जितका रुंद तितके बाजूला. म्हणून डावीकडे तीनशे मीटर गेलात तर पुढे उजवीकडे तेवढंच परत यायचं आणि मगच कॅप धरायचा. मी वळसा घालताना तोंडाने मोठ्याने म्हणतो, “डावीकडे तीनशे.” मोठ्याने म्हटलेलं विसरत नाही.

ट्रकमध्ये नॅव्हिगेटर सूचना बोलून सांगतो. त्याच्यावर विसंबा, पण फक्त त्याच्यावर नाही. तो सध्याची चौकट सांगत असताना तुमची नजर पुढच्या चौकटीवर गेली पाहिजे. दोन चौकटींमधलं अंतर जास्त असेल तर निवांत वेग घ्या. पुढची चौकट दोनशे मीटरवर असेल तर ही चौकट संपण्यापूर्वीच ब्रेकवर असा. सपाट भागात, स्टिअरिंग सरळ असतानाच पान बघायचं, चढावर किंवा वळणात कधीच नाही.

वेपॉइंट म्हणजे ज्या जागांवरून जाणं सक्तीचं आहे त्या जागा. त्या पडद्यावर खुणेने दिसत नाहीत, ठरावीक अंतराच्या आत आलात की गेम नोंद करतो. चुकलात तर वेळेचा दंड बसतो आणि तो दंड तुम्ही वेगाने कमावलेल्या प्रत्येक मिनिटापेक्षा जड असतो. दोन मिनिटं हळू आलेला पण एकही वेपॉइंट न चुकवलेला ट्रक पुढे राहतो.

वाट चुकलात तर

चुकणारच आहात. पहिली गोष्ट, वेग कमी करा. चुकीच्या दिशेने जोरात जाणं म्हणजे दुप्पट चूक. मग आठवा की शेवटची कुठली चौकट नक्की जुळली होती : तो दुफाटा, ती कोरडी नदी, ते एकटं झाड. आपल्याच चाकोरीतून तिथवर परत जा, अंतर ताडून बघा आणि तिथून पुन्हा सुरुवात करा. तिरकं जाऊन पुढची चौकट गाठायचा प्रयत्न करू नका, त्यात अर्धा तास जातो आणि शेवटी परत तिथेच यावं लागतं. दुसऱ्यांच्या चाकांच्या खुणांमागे तर अजिबात जाऊ नका. तेही चुकलेले असू शकतात, आणि खऱ्या रॅलीत एकाच्या मागे दहाजण रांगेने भरकटल्याचे प्रसंग दरवर्षी घडतात.

नुकसानीबद्दल थोडक्यात : ट्रक दणकट असतो, पण दुरुस्तीला वेळ आणि गेममधलं चलन दोन्ही लागतं. दगडांच्या पट्ट्यात वीस-पंचवीसने वेग उतरवलात तर तो तोटा नाही, पुढच्या स्टेजची तयारी आहे.

सरावाचा क्रम

मला जो क्रम उपयोगी पडला तो असा. पहिले दोन दिवस स्पोर्ट मोड, सपाट स्टेज, शेवटचा आलो तरी चालेल पण एकदाही उलटायचं नाही. नंतर त्याच मोडमध्ये टेकड्यांची स्टेज, तीच ती पुन्हा पुन्हा, माथ्यावरचा क्षण बोटात बसेपर्यंत. मग प्रोफेशनलमधली सगळ्यात छोटी स्टेज निम्म्या वेगाने, हातात वही घेऊन. जिथे चुकलात त्या चौकटीचं अंतर आणि चुकीचं कारण लिहा : ब्रेक उशिरा, कॅप न सावरलेला, पान न बघितलेलं. चार-पाच स्टेजनंतर वहीत एकच कारण सारखं सारखं दिसू लागेल. माझ्या वहीत ते वळशानंतरचा कॅप होतं. एक अख्खी संध्याकाळ फक्त तेवढंच केलं : वळसा घालायचा, परत रेषेवर यायचं, सुई धरायची, पुन्हा वळसा.

वेग त्यानंतर वाढवा, एका वेळी थोडासा, आणि एखादा वेपॉइंट चुकला की पुन्हा खाली आणा. ट्रकवर एखादी लांब स्टेज दंडाविना पार पडली की त्याच स्टेजवर मोटारसायकल घेऊन जा. खऱ्या रॅलीत मोटारसायकलवाल्याच्या शेजारी पान वाचून दाखवणारं कुणीच नसतं, आणि तेव्हा कळेल की ट्रकच्या केबिनमधला तो आवाज तुमच्या किती अंगवळणी पडला आहे.